रॅम ८ जीबी केली, पण विंडोज ३.४ जीबीच वापरतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरीच डीटीपीची (संगणकावर छपाईची पानं तयार करण्याची) कामं करते. संगणक जुना आहे: तिसऱ्या पिढीचा आय-३, एच६१ मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट. ४ जीबी डीडीआर-३ होती. मोठ्या अंकाची फाइल आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की माउससुद्धा हलेना, म्हणून तशीच ४ जीबीची आणखी एक पट्टी आणली.

बसवल्यावर आधी स्क्रीन काळा, नुसता बीप. पट्ट्या काढल्या, सोनेरी पिना खोडरबरने पुसल्या, खाच जुळवून क्लिपा लागेपर्यंत दाबल्या, तेव्हा चालू झालं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ८१९२ एमबी, म्हणजे पूर्ण ८ जीबी दिसतात. विंडोज १० मात्र वापरण्याजोगी ३.४ जीबीच दाखवतं. सिस्टीम ३२-बिट आहे.

६४-बिट टाका, असं दुकानदार म्हणतात. पण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची छोटी किल्ली, संगणकाला लावायची) लावल्याशिवाय उघडत नाही आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर (ते विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम) ३२-बिटचा. बारा वर्षांच्या फाइली त्याच्याच फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. दुसरीकडे उघडल्या की नुसती अगम्य चिन्हं. गणपती मंडळं दरवर्षी तीच पावतीपुस्तकं साल बदलून मागतात, त्या फाइली गेल्या तर सगळं नव्याने टाइप करावं लागेल. ३२-बिट ठेवून ही रॅम वापरता येईल का?

प्रतिसाद:
ताई, पट्टी चांगली आहे, परत करू नका. ३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही, आणि त्या ४ जीबीतलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेंसाठी राखीव जातो. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत) आकडे बदलून काही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

३२-बिटवरून ६४-बिटला थेट अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून आताची हार्डडिस्क काढून जपून ठेवा आणि नव्या एसएसडीवर ६४-बिट टाका. बिघडलं तर जुनी डिस्क लावून त्याच दिवशी काम सुरू करता येईल. ६४-बिटवर ३२-बिटचा ड्रायव्हर चालतच नाही, तेव्हा डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा. नाहीच मिळाला आणि डोंगल यूएसबीचं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज टाकून तिथे डोंगल जोडून बघा.

धागाकर्ती:
खूप आभार! डोंगल यूएसबीचंच आहे. मंडळाच्या पावत्या रविवारी द्यायच्या आहेत, तोवर कशालाच हात लावत नाही. ड्रायव्हर मिळाला नाही तर व्हर्च्युअलबॉक्सला ८ पैकी २ जीबी पुरतील का? फोटोशॉप बाहेरच चालवेन.