शारजात रूम, दुबईत ड्युटी, मग बियरचं कसं करायचं?

शहादेकर:
राम राम मंडळी. पुढच्या महिन्यात दुबईला जाऊ राहिलो, एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून, पण कंपनीची रूम शारजात आहे. मी काही रोजचा घेणारा नाही, सुट्टीला एखाद-दोन बियर, बस. वडिलांचे मित्र म्हणतात तिकडे तोंडाचा वास आला तरी आत टाकतात, आणि यूट्यूबवर तर दुबईतले बार दाखवू राहिले. खरं काय? लायसन काढलं तर कंपनीला कळतं का?

तापीकाठ (दुबई):
दोन्ही खरंय भो, गाव बदललं की कायदा बदलतो. दुबईत २१ पूर्ण असलं की परवाना असलेल्या बारमध्ये आरामात बस. रूमवर न्यायची तर दुकानातून घ्यायची, त्याला लायसन लागतं, पहिले २७० दिरहॅम पडायचे, २०२३ पासून फुकट झालंय, एमिरेट्स आयडी दाखवला की काम होतं, कंपनीला विचारायला कोणी जात नाही. (परमिट कायद्याने महाराष्ट्रातही लागतं, आपण कोणी काढलंय?) दारूवरचा ३० टक्के टॅक्स २०२३ ला काढला होता तो जानेवारी २०२५ पासून परत लागला, म्हणून बिल बघून दचकू नको. बारमध्ये एक ग्लास बियर ४०-५० दिरहॅमला जाते, हॅपी अवर बघूनच जायचं.

आता शारजा. तिथे पूर्ण दारूबंदी, दुबईचं लायसन तिथे चालत नाही, त्यामुळे दुबईतून पिशवीत बाटली घालून रूमवर आलास तर सरळ केस. पोरं शारजाला लागून असलेल्या अजमान अमिरातीतून आणतात, तिथल्या दुकानात कोणी लायसन विचारत नाही, पण तिथून दुबईकडे यायचं तर मधे शारजा येतंच. नवापूर स्टेशनासारखं समज, दोन पावलं टाकली की दुसऱ्याचं राज्य. आणि रूममेट कोण हेही बघ, भांडण झालं की पहिला फोन तोच करतो.

भुसावळवाला (कुवेत):
आमच्याकडे विषयच नाही, दुकान नाही, बार नाही, ड्युटी फ्रीमध्येसुद्धा नाही. म्हणून कॅम्पात चोरून गाळलेली फिरते, पाण्याच्या साध्या बाटलीत. ऑगस्ट २०२५ मध्ये असल्याच मालातल्या मिथेनॉलने (विषारी अल्कोहोल) २३ लोक गेले, १६० जण दवाखान्यात, बहुतेक आपल्यासारखे एशियातून आलेले कामगार, कोणाला डायलिसिस लागलं, कोणाची नजर गेली. मिथेनॉल वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही, रात्री नेहमीसारखी चढते आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर धुकं येतं. आपली सातपुड्यातली पोरं म्हणतात आम्ही मोहाची पिऊन मोठे झालो, आम्हाला काय होतंय, अरे पण मोहाची गाळणारा गावातलाच असतो, त्याच भांड्यातली तोही पितो, इथे कोणी कशात काय मिसळलं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कोणाला धूसर दिसायला लागलं तर पोलिसांच्या भीतीने झोपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या, काय प्याला ते खरं सांगा, त्यावर औषध आहे पण वेळेत दिलं तरच.

गिरणाथडी:
कंपनीची गाडी तूच चालवणार का? मग एक बियरसुद्धा नाही, तिकडे झिरो म्हणजे झिरो. मार्च २०२५ पासून नवीन ट्रॅफिक कायदा आहे, पिऊन चालवली तर २० हजार ते १ लाख दिरहॅम दंड, नाहीतर जेल, किंवा दोन्ही.

शहादेकर:
बाप रे, पिकअप मलाच चालवायची आहे. म्हणजे सुट्टीला दुबईतच कोणाकडे तरी मुक्काम टाकावा लागेल. अजून एक, येताना सुरतला उतरणार, घरच्यांसाठी ड्युटी फ्रीच्या दोन बाटल्या चालतील ना?

तापीकाठ (दुबई):
कस्टमवाले दोन लिटर सोडतात रे, पण एअरपोर्टच्या बाहेर पाय ठेवला की गुजरात. बाटल्या आणायच्याच असतील तर तिकीट मुंबईचं काढ, नाहीतर घरच्यांना खजूर आण.