कोकणात लव्हेंडर आणि विस्टेरिया तगतील का?

प्रश्न:
गुहागरजवळ आमचे कौलारू घर आहे. जमीन जांभ्याची असून, दिवाळीनंतर थेट जूनपर्यंत पाऊस नसतो आणि मे महिन्यात विहीर तळ गाठते. कमी पाण्यावर येतात असे ऐकल्यामुळे लव्हेंडर आणि अंगणातल्या मांडवावर विस्टेरिया लावण्याचा विचार आहे. आळे किती खोल करावे आणि पाणी किती द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
ताई, लव्हेंडरला आपला उन्हाळा फारसा नडत नाही, नडतो तो पावसाळा. हे झुडूप भूमध्य समुद्राच्या आसपासचे; तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तर आपल्याकडे ऐन उबदार हवेत चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यामुळे मुळे कुजतात आणि झुडूप आतून काळे पडत जाते. जम्मूतील भद्रवाहला त्याची शेती होते, पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. हौसच असेल तर दातेरी पानांची डेंटाटा ही जात मातीच्या कुंडीत लावावी. निम्मी माती, निम्मी नदीची जाड वाळू (किनाऱ्यावरची नको, ती खारट असते) आणि जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने थोडी चुनखडीची पूड घालावी. आळे तर मुळीच करू नये. उलट बुंध्याशी उंचवटा ठेवावा आणि वरची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे.

उत्तर २:
विस्टेरियाचा नाद सोडलेला बरा. तिला फुलायला हिवाळ्याची चांगली थंडी लागते. आपल्याकडे वेल जगली तरी नुसता पाला पाहत बसावे लागेल. शिवाय तिच्या शेंगा आणि बिया विषारी असतात, घरात लहान मुले असल्यास हेही ध्यानात घ्यावे. त्याऐवजी पेट्रिया ही वेल लावावी. तिची पाने हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागतात, आणि मधले गर्द जांभळे फूल गळले तरी त्यामागची फिकट निळसर चांदणी घोसावर बरेच दिवस टिकते, त्यामुळे मांडव लांबून फुललेलाच दिसतो. पहिली एक-दोन वर्षे पाणी नियमित द्यावे लागेल.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. पावसाळ्यात लव्हेंडरची कुंडी पडवीत ठेवली, तर उजेड कमी पडेल का?

उत्तर १:
पडेल, पण अंधारापेक्षा ओल वाईट. पागोळ्यांचे पाणी उडणार नाही इतकी आत, मात्र वारा खेळेल अशा बाजूला, दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावी. छाटणी पावसाआधीच उरकावी आणि हिरव्या भागातच करावी. जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही.