मदत हवी आहे: मेंदूला इजा झालेल्या पेशंटशी लैंगिकतेबद्दल बोलायला मराठी शब्द कोणते वापरता?

पुनर्वसनात काम करणाऱ्या सगळ्यांना विचारतेय. डोक्याला मार लागल्यावर कामेच्छा कमी होणं नेहमीचं आहे. त्यामागे थकवा, नैराश्याची औषधं किंवा पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन ग्रंथीची) इजाही असू शकते. मग टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासावी लागतात. पण आधी विषय निघायला हवा ना, आणि तिथे शब्दच अडतात.

"संबंध कसे आहेत?" विचारलं, की शब्दशः अर्थ घेणारा पेशंट सांगतो, "सगळ्यांशी चांगले आहेत." आडवळणाचं बोलणं त्याला कळतच नाही.

सध्याची पद्धत अशी: सकाळी, पेशंट ताजातवाना असताना, एकट्याशी 15 मिनिटं. "अशा दुखापतीनंतर पुष्कळांना शरीरसुखात अडचण येते. त्याबद्दल बोलू का?" एका वेळी एकच प्रश्न, मग 10 सेकंद गप्प. मुद्दे चिठ्ठीवर लिहून त्याच्याच हातात द्यायचे. फाईलला लावले तर घरातले सगळे वाचतात.

"लिंगाला ताठरता" गावाकडे कळतं का? बायकांना "योनीचा कोरडेपणा" कसं विचारता? आणि वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणं-समजणं अडणं) असलेल्यांसाठी कुणी चित्रांची कार्डं केली आहेत का? कृपया नेमके शब्दच लिहा.