मदत हवी आहे: वाड्याच्या सागवानी चौकटीतून बेस गिटार करायची आहे. त्यासाठी हातातली बेस देऊन टाकू का?

नमस्कार मंडळी,

मी वाईत राहतो, मित्रांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा. गाणी बहुतेक जुनी हिंदी, मधे लावण्या आणि कोळीगीतं. पंचमच्या गाण्यांतली टोनी वाझ यांची बेस ऐकत वाढलो, आजही सराव त्यावरच चालतो. नोकरी सांभाळून वाजवत असलो तरी वाद्याच्या बाबतीत हयगय करवत नाही, म्हणून जरा सविस्तर विचारतोय.

आजोळचा वाडा या उन्हाळ्यात उतरवला. पुढच्या दाराची सागवानी चौकट मामांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली. वरचा काळा थर रंध्याने गेल्यावर आतून असा मधाळ रंग निघाला की आमचे सुतारकाकाही त्यावरून हात फिरवत राहिले. मला त्याची बेसची बॉडी करायची आहे. पाच इंच रुंद, दोन इंच जाड असे तुकडे निघतात. त्यातला दोन फुटी तुकडा वाण्याच्या काट्यावर ठेवला तर अडीच किलोच्या वर भरला. असे तीन तुकडे जोडायचे या विचारानेच खांदा दुखायला लागला. कार्यक्रमात तीन-तीन तास उभं राहायचं असतं.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. पुण्यातल्या एका वादकाकडे जॅझ बेसच्या (फेंडर कंपनीच्या एका मॉडेलच्या) मापाची सुटी नेक, म्हणजे दांडी आहे. मेपलची, वर शिसवीचा (असं त्यांचं म्हणणं) फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट या धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली फळी, आणि तारा पिळायचे ट्यूनर लावलेले. सोबत दोन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे), ब्रिज (तारांचं बॉडीवरचं टोक धरणारा) आणि आवाजाच्या बटणांची कंट्रोल प्लेट. त्यांना पैसे नकोत. मुलीला शिकायला चालू बेस हवी म्हणून माझी मागतायत. माझी बेस साधी फॅक्टरीची, चार तारांची, पण सेटिंग चोख आहे आणि स्टेजवर तिने कधी दगा दिलेला नाही. विकली तर बारा-तेरा हजार यावेत.

सागवान चालेल का, आणि वजनाचं काय करायचं? सुट्या नेकमध्ये काय पाहायचं? सौदा बरोबरीचा आहे का? आणि सुतारकाकांना काय सांगू? आयुष्यभर त्यांनी दारं, खिडक्या, देव्हारे केले. हात अतिशय सफाईचा, पण गिटार कधी केलेली नाही.

खर्जवाला (पुणे)

आधी सौद्याबद्दल. आत्ता आषाढ लागलाय. गणपती तोंडावर असताना चालू बेस हातातून सोडू नका. पावसाळ्यात पॉलिश लवकर सुकत नाही, एखादा स्क्रू चुकीचा येतो, पिकअपची वायर तोकडी पडते, आणि पहिलीच बॉडी करताना हे सगळं होणार हे धरून चालायचं. बॉडी तयार नसताना कार्यक्रम आला तर उसनी बेस शोधत फिराल. त्यांना सरळ सांगा की नेकची अनामत आत्ता देतो, बेस दिवाळीनंतर देतो. मुलीला शिकायचंच आहे तर चार महिन्यांनी काही बिघडत नाही.

किमतीने सौदा फारसा वाईट नाही, पण एक ध्यानात असू द्या. फॅक्टरीच्या बेसला उद्याही गिऱ्हाईक मिळेल. घरी घडवलेल्या बेसला बाजारात सहसा सुट्या भागांचीसुद्धा पूर्ण किंमत येत नाही. वाड्याच्या लाकडाची बेस तुम्ही विकणार नाही हे पोस्ट वाचून कळतंच. तरी त्या बारा हजारांची वाट एकदा बंद झाली की झाली.

नेक बघायला जाताना स्टीलची फूटपट्टी आणि ॲलन कीचे दोन संच न्या, एक इंचाचा, एक मिलिमीटरचा. जवळपास बसणारी की घालून ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, तिला सरळ ठेवणारी सळई) नट फिरवलात तर त्याच्या कडा झिजतात आणि नेक कायमची वाया जाते. बॉडीत बसणाऱ्या टोकाची रुंदी ६३.५ मिमी हवी, तारांच्या नटपाशी (डोक्याकडची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ३८ मिमी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२ मिमी भरले म्हणजे स्केल (तारेची वाजती लांबी) ८६४ मिमी, म्हणजे ३४ इंच. १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून फेंडरचं हेच माप आहे, १९६० च्या जॅझ बेसमध्येही तेच. त्यामुळे या मापाची नेक असली की पुढेमागे भाग मिळायला अडचण नाही.

मग नेक बंदुकीसारखी डोळ्याशी धरून दोन्ही कडा बघा. चार तारांचा ताण मिळून ८० किलोच्या आसपास जातो, तो पेलायला ट्रस रॉडला वाव राहिलेला हवा. तारा नसतानाच नेक पुढे वाकलेली असेल आणि ट्रस रॉडचा नट आधीच करकचून आवळलेला असेल, तर चहा घ्या आणि परत या. पीळ पडलेली नेकही घेऊ नका. फ्रेट थोडे झिजलेले असतील तर हरकत नाही, ते घासून सारखे करता येतात.

फ्रेटबोर्ड शिसवीचा आहे का हे बघायला कडेला ओलसर पांढरं फडकं घासा. काळा रंग उतरला तर फिकं लाकूड रंगवलेलं आहे. शिसवीत जांभळट-तपकिरी रेषा आणि उघडी छिद्रं दिसतात. शिसव आपल्या सह्याद्रीतलंच झाड. २०१७ मध्ये या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली तेव्हा बऱ्याच कंपन्या लॉरेलकडे वळल्या. ते लॉरेल म्हणजे आपल्या रानातला ऐन. पुढे २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ऐन निघाला तरी नेक नाकारू नका, वाजवायला उत्तम असतो. फक्त शिसवीचा भाव देऊ नका.

मिरजेचा सूर

सागवानाला माझा विरोध नाही, पण अख्खी बॉडी त्याची नको. आमच्याकडे सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन कुठलंही खोड हातात घेऊन बघा. सतार-तंबोऱ्याला भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि लाकूड बहुतेक तूनचं. तून हलकं, पटाशीला गोड, आणि मुरलं की जागेवर राहतं. याच कामासाठी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तुमच्यासाठी सुचवतो ते असं: मधला पाच इंचाचा तुकडा वाड्याचा सागवान ठेवा आणि दोन्ही बाजूंचे पंख तूनचे करा. सोनेरी पट्टा मधोमध, बाजूंना तांबूस तून. दिसायलाही देखणं होईल आणि आजोळचं लाकूड नेमकं नेक आणि ब्रिजच्या खाली येईल. तून वखारीत मागताना मुरलेलं मागा. ओलं मिळालं तर या वर्षी हात लावू नका.

रंधा आणि राउटर (नाशिक)

मिरजकरांची सूचना चांगली आहे, मीही तेच करेन. फक्त आकडे मांडतो, म्हणजे निर्णय भावनेवर राहणार नाही.

जॅझच्या आकाराची ४५ मिमी जाड बॉडी, खाचा वगळून, साडेचार लिटर लाकूड धरा. सागवान लिटरला साधारण ६५० ग्रॅम, म्हणजे बॉडी तीन किलोच्या आत-बाहेर. त्यात नेक, ट्यूनर, ब्रिज, पिकअप मिळून दीड किलोहून जास्त. एकूण साडेचार-पावणेपाच किलो. तीन तासांना हे जड आहे. मध्ये सागवान, पंख तूनचे केले की चारशे-साडेचारशे ग्रॅम वाचतात. अख्खा सागवानच हवा असेल तर जाडी ३८ मिमीवर आणा, तेवढंच वजन वाचतं. नेकची खाच १६ मिमी खोल असते, त्यामुळे खाली भरपूर लाकूड उरतं. फार हलकं करायच्या मागे मात्र लागू नका. बॉडी हलकी आणि नेक जड झाली की खांद्याच्या पट्ट्यावर बेस डोकं खाली टाकते आणि डावा हात सूर सोडून नेक सावरत बसतो. वरचं शिंग लांब ठेवा, पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या समोर येईल इतकं.

आवाजाची काळजी लाकडापायी करू नका. इलेक्ट्रिक बेसचा आवाज तारा, बोटं, पिकअप आणि पिकअपची जागा यांत आहे. ब्रिजकडचा पिकअप १९६० च्या दशकातल्या जॅझ बेसवर जिथे होता तिथून सत्तरच्या दशकात सुमारे १० मिमी ब्रिजकडे सरकला, आणि तेवढ्याने आवाज कोरडा, टोकदार झाला. तुमच्या गाण्यांना जुनी जागा शोभेल.

सुतारकाकांसाठी:

चौकटीला हात लावण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. जुन्या चौकटीत मोडलेले खिळे असतातच आणि राउटरच्या (खाचा कोरायचं मशीन) पात्याला एक पुरतो. पात्याचा तुकडा उडाला तर डोळ्यावर बेततं. सागवानाची धूळही घशाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावा.

सागवान तेलकट असतो. जोडायच्या कडा त्याच दिवशी रंधून, थिनरने पुसून लगेच चिकटवा. मी दोन भागांचं इपॉक्सी वापरतो. शिकंजे बेताने आवळा, सगळं चिकट बाहेर पिळून निघालं तर सांधा उपाशी राहतो. जोड मधोमध येऊ देऊ नका. नेकची खाच आणि ब्रिज दोन्ही मधल्या तुकड्यातच बसले पाहिजेत, पाच इंचात ते आरामात बसतात.

नेकची खाच शेवटी कागदाच्या मापाने नाही, प्रत्यक्ष नेक ठेवून करायची. स्क्रू न लावता नेक खाचेत दाबली आणि बॉडी उचलली तर नेक निसटू नये, इतकी घट्ट. देव्हाऱ्याची कूस बसवणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

मांडवीकाठ (पणजी)

सागवान आमच्या दमट हवेत टिकतो तसा दुसरा कुठला टिकत नाही, म्हणून मन लावून करा. एकच सांगतो. आतल्या खाचांना तांब्याची पट्टी लावा आणि ब्रिजखालून अर्थची वायर काढायला विसरू नका, नाहीतर गुणगुण जात नाही. आणि मांडवात वाजवण्याआधी प्लगाची अर्थिंग सॉकेट टेस्टरने तपासून घ्या. ब्रिजमुळे तारा अर्थला जोडलेल्या असतात. वायरिंग चुकलेलं असेल तर तारेवर हात आणि माइकला ओठ, एवढ्याने जोराचा झटका बसतो. गाता गाता वाजवणाऱ्याने हे टाळूच नये.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पुण्याला जाऊन आलो. टोकाची रुंदी ६३.५ च्या किंचित आत, नट ३८, बारावा फ्रेट ४३२ वर. नेक सरळ आहे, ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो. फडक्याला रंग लागला नाही, रेषाही जांभळट दिसल्या. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झीज आहे तेवढीच. दिवाळीनंतर बेस द्यायचं त्यांनी आनंदाने मान्य केलं. तोवर त्यांची मुलगी दर रविवारी वाईला येऊन माझ्या बेसवर शिकणार आहे, कारण तिची आत्या इथेच राहते. अनामत दिली, नेक घेऊन आलो.

बॉडीबाबत मिरजकरांचं ऐकतोय. मामांना विचारलं, तेही म्हणाले की लाकूड थोडंच वापर, उरलेल्या चौकटीतून धाकट्या भावालाही काहीतरी करता येईल. वाईतल्या वखारीत जुनं तून मिळालं, सुतारकाकांनी नखाने खरवडून पसंत केलं.

आता शेवटची अडचण. ब्रिज नेमका कुठे बसवायचा? आणि नेकच्या टोकाला आधीची चार भोकं आहेत, त्यांचं काय?

रंधा आणि राउटर (नाशिक)

मुलीची व्यवस्था फार छान केलीत.

भोकांचं आधी. बॉडीतली भोकं स्क्रू सैल सरकेल इतकी मोठी ठेवा, आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. दोन्हीकडे आटे धरले की नेक आणि बॉडीमध्ये बारीक फट राहते आणि कितीही आवळलं तरी जात नाही. नेकमधली जुनी भोकं घट्ट असतील तर तीच वापरा. त्यांत टोकाला रंग लावलेल्या छोट्या काड्या उभ्या करून वर बॉडी दाबली की बॉडीवर खुणा उमटतात, तिथेच गिरमिट लावायचं. स्क्रूला मेण चोळा, मेपल कडक असतो, कोरडा स्क्रू आत तुटू शकतो.

ब्रिज सगळ्यात शेवटी, नेक पक्की झाल्यावर. नटपासून ८६४ मिमीवर खूण करा. ब्रिजवरचं सर्वांत बारीक तारेचं सॅडल (तार जिच्यावर टेकते ती सरकती घोडी) जवळजवळ पूर्ण पुढे आणा, दोन-तीन मिलिमीटर वाव ठेवून, आणि ते या खुणेवर येईल असा ब्रिज ठेवा. बाकीची सॅडल मागेच जाणार, जाड तार सगळ्यात मागे, म्हणून मागे जागा लागते.

आता आडवी जागा. नटच्या पहिल्या आणि चौथ्या खाचेतून मासेमारीचा पातळ दोरा ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांपासून फ्रेटबोर्डच्या कडेचं अंतर सारखं येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा. सारखं आलं की ब्रिज चिकटपट्टीने धरा, दोरे न हलवता पुन्हा एकदा बघा, काकांनाही बघायला लावा, आणि मगच भोकं पाडा. अर्थच्या वायरीचं तिरकं भोक याच वेळी ब्रिजखालून कंट्रोलच्या खाचेत काढून घ्या.

पॉलिशचं पाऊस उघडल्यावर बघू. तोवर नुसता तेलाचा हात फिरवून ठेवा आणि तशीच वाजवून बघा.