मदत हवी आहे : आजीच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकलाय
नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, गावभागातले. आजीचा मिरजेत बनवलेला तंबोरा आहे घरात, २०१९ च्या महापुरात माळ्यावर होता म्हणून वाचला पण ओल धरलीच, आणि आता भोपळ्याला खालून वर बोटभर लांब तडा गेलाय, तार छेडली की खरखर येते. एका कारागिरांना दाखवला तर ते म्हणाले भोपळाच नवीन टाका, मंगळवेढ्याकडचा चांगला मिळतो, जवारी (घोडीवर तार टेकते तिथे घासून आवाज खुलवणं) पण काढून देतो. माणूस जाणकार वाटला, खोटं नाही सांगत. पण आई ऐकायलाच तयार नाही हो, कारण आजी गाताना हात टेकवायची तिथलं पॉलिश गेलंय, आत लाकडी रंग दिसतो, आणि जवारीसाठी तारेखाली घातलेला पिवळा दोरा अजून तिनेच लावलेला आहे.
तर विचारायचं असं की तडा आतून पट्टी लावून भरला तर टिकतो का, आवाजात किती फरक पडतो? मिरजेत सतारमेकर गल्लीत कुणी असं जुनं काम करून घेतलंय का? पॉलिशला हात न लावता करणारं कुणी माहीत असेल तर इनबॉक्स करा, अंदाजे खर्च पण सांगा प्लीज. (नवीन घ्या हा सल्ला नको 🙏)