बीदरच्या मदरशातल्या टाइल्स बसवल्या तरी कशा?

फरशीवाला लातूरकर
नमस्कार मंडळी. मी २२ वर्षं टाइल्स बसवतोय. परवा उदगीरला मेहुण्यांकडे गेलो होतो. तिथून बीदर काही लांब नाही, म्हणून बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गवान, त्याचा मदरसा बघून आलो. बायको म्हणे, जरा कमानीखाली उभे राहा, फोटो काढते. मी आपला मान मोडून वर बघतोय! मोबाइलवर झूम केलं तर कळलं, नक्षी रंगवलेली नाहीच. गडद निळ्या पट्टीत पांढरी अक्षरं आहेत ना, त्यात अक्षर हा वेगळा तुकडा आणि भोवतालचा निळा वेगळा. सांध्यात नख शिरणार नाही. मनोऱ्यावर तर दातेरी पट्टे, तेही गोल अंगावर. आम्हाला कटर असून गोल खांब म्हटला की घाम फुटतो. १४७२ साली हे कापलं कशानं? आणि रंगवून एकदाच भाजायचं सोडून एवढा खटाटोप का?

चिखलातली
मी मातीकाम करते, स्वतःची भट्टी आहे. खटाटोप आचेसाठी, दादा. कोबाल्टचा निळा, तांब्याचा फिरोजी, कथिलाचा पांढरा, प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकत्र भाजलेत तर एक खुलेपर्यंत दुसरा ओघळतो. म्हणून एकेका रंगाची अख्खी टाइल भाजून घ्यायची आणि मग कापायची.

इराणात ही कला अजून जिवंत आहे. कागदी नक्षीचे तुकडे टाइलवर चिकटवतात, धारदार हातोडीनं कडेकडेनं टिचत जातात, मग कानस. तुमच्या सांध्याचं गुपित मागच्या बाजूला आहे: तुकडा मागे निमुळता करतात. समोर कडेला कड भिडते, मागे फट राहते, मसाला त्या फटीत धरतो. सगळे तुकडे उपडे मांडून मागून जिप्सम ओततात आणि वाळलेला फलक भिंतीवर चढवतात.

अष्टूरचा वाटसरू
गवान मूळचा इराणातल्या गिलानचा, कॅस्पियन समुद्राकाठचा. मधलं अंगण, चार बाजूंना उंच कमानी, दर्शनी भागाला मनोरे, हा सगळा थाट तिकडचाच. समरकंदचा उलुग बेगचा मदरसा १४२० चा, त्याच्या फोटोशेजारी हा ठेवून बघा.

बाकी 'काळाच्या ओघात पडझड' हे वाक्य तिथे ऐकलं की डोकं फिरतं. काळानं नाही, दारूनं! औरंगजेबाच्या फौजेनं इथे बारूद साठवली होती, १६९६ ला स्फोट झाला, एक मनोरा आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा गेला. गवानचंही तसंच. खोट्या पत्रावरून १४८१ साली सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला.

पुढच्या खेपेला बीदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या कबरीत जा, टॉर्च घेऊन. आत टाइल नाही, रंगकाम आहे. घुमटाखाली डोळे सरावायला पाच मिनिटं द्या.

फरशीवाला लातूरकर
ताई, मागून निमुळता! आम्ही भिंतीच्या कोपऱ्याला ४५ अंशात कड मारतो, तीच युक्ती की. फक्त आम्ही दोन कडांना मारतो, त्यांनी अक्षराच्या प्रत्येक वळणाला मारली.

काल साइटवर जेवणाच्या सुट्टीत व्हिट्रिफाइडचे दोन उरलेले तुकडे मागून घासून बघितले. पोरं हसत होती. पहिला फुटला. दुसरा मात्र असा भिडला की ग्राउट भरायला जागाच राहिली नाही.