शनिवारच्या पिक्चरवरून बी विंगच्या ग्रुपवर

प्राजक्ता ४०२: नमस्कार. शनिवारी गच्चीवर मुंज्या हा भुताचा पिक्चर लावला तेव्हापासून अर्णव एकटा झोपत नाहीये. स्कूल बस गेटजवळच्या पिंपळाखाली थांबते तिथे तो उभाच राहत नाही, आज बस गेली आणि मला हाफ डे टाकावा लागला. पहिलीतल्या मुलांना हा पिक्चर दाखवायचं कोणी ठरवलं??

निखिल ६०१: वहिनी पोल चार दिवस ग्रुपवर होता. यू/ए आहे तो.

प्राजक्ता ४०२: यू/ए म्हणजे पालक सोबत हवेत. तुम्ही लिहिलेलं "मुलांना पाठवा, आम्ही आहोत"

शेखर काका १०१: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? टाकी धुणारा उद्या ७ ला येतोय.

महेश ३०४: तो पिंपळच काढून टाका ना, मी दोन वर्षं सांगतोय

वैशाली २०३: महेशजी, तुमच्या गाडीवर पानं पडतात म्हणून झाड जाणार नाही. १९७५ चा कायदा आहे, महापालिकेची परवानगी लागते, हे मागच्या एजीएमला पण बोलून झालंय 🙏

महेश ३०४: पानं नाही, पक्ष्यांची घाण. रंग गेलाय बॉनेटचा. असो.

गिरीश ५०२: आम्ही बेळगावचे, स्त्री पिक्चरमधलं दारावर लिहायचं प्रकरण कर्नाटकातलंच आहे, १९९० च्या आसपास बंगळूरात लोक दारावर "नाळे बा" लिहायचे, म्हणजे उद्या ये. भूत झालेली बाई रोज ते वाचून परत जायची म्हणे

निखिल ६०१: मेंटेनन्सच्या वेळी काही दारांवर तेच असतं 😄

महेश ३०४: हे कोणाला उद्देशून?

शेखर काका १०१: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

सावंत काकू १०३: प्राजक्ता, अर्णवला मी काय सांगते ते सांग. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य सोडायचा विधी, व्हायच्या आधी गेलेला मुलगा, लग्नाची इच्छा राहिली म्हणून तो पिंपळावर राहतो असं आमच्या कोकणात सांगतात, पिक्चरवाल्यांनी तेवढं तिथलंच घेतलंय पण पोराचा पार राक्षस केला. माझे थोरले काका मुंजीनंतर महिन्याभरात तापाने गेले, मी त्यांना बघितलेलं नाही. घरात कोणाची मुंज असली की अष्टवर्गाला, म्हणजे मुंजीतल्या जेवणाला, मुंज झालेली आठ पोरं बसायची आणि आजी नववं पान वाढायची, त्यावर लाडू ठेवायची, त्या पानाला कोणी हात लावायचा नाही. ती घाबरायची नाही हो, तिचा मुलगा होता तो. आणि आमच्या कोकणातल्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, आम्ही देव म्हणतो, लोक त्याला मोठ्या चामडी चपला वाहतात, रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात. शहरातल्या पोरांना वेताळ म्हटलं की फक्त दात दिसतात, याचं फार वाईट वाटतं.

वैशाली २०३: काकू 🙏🙏 नारायण पेठेतला मुंजाबाचा बोळ लहानपणापासून ऐकला, हे कधी कोणी सांगितलंच नाही

निखिल ६०१: काकू भारीच. पुढच्या शनिवारी तुंबाड लावू का मग, कोकणच आहे

प्राजक्ता ४०२: निखिल, तुंबाडला ए सर्टिफिकेट आहे. ए. मुलं येणार आहेत की नाही तेवढं आधी स्पष्ट लिहा.

सावंत काकू १०३: आणि तुंबाडमधला तो हस्तर राक्षस आमच्याकडचा नाही, पिक्चरसाठी रचलाय. पिक्चर चांगला आहे पण मोठ्यांनी बघावा.

निखिल ६०१: बरं, मोठ्यांसाठी १० नंतर. मागच्या वेळचं चुकलं वहिनी, सॉरी.

महेश ३०४: १० नंतर आवाज नको, आमच्याकडे आजारी माणूस आहे

प्राजक्ता ४०२: काकू, अर्णवला वाचून दाखवलं. विचारतोय त्या दादाला लाडू कुठला आवडायचा.

सावंत काकू १०३: रव्याचा. पाच वाजता खाली पाठव, पिंपळाच्या पारावर बसते मी त्याच्याबरोबर.

शेखर काका १०१: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

निखिल ६०१: माझ्याकडेच काका, प्रोजेक्टरच्या पिशवीत राहिली. आणतो.